बेचाळीस हिरव्या खुणा

रामराव इंगळ्यांच्या उजव्या पायाने त्यांना चाळीस वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता. सरकारी जीप त्यांनी मंडला-डिंडोरीच्या रानातून, घाटातून चालवली. साहेब मागे घोरत असायचे आणि रामराव पायाच्या तळव्याने गाडीचं म्हणणं ऐकत बसायचे. ब्रेक ढिला पडायला लागला, क्लच दमला, हे त्यांना मिस्त्रीच्या आधी कळायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि जबलपूरच्या मदन महल भागातली सात मुलं राइट टाउनच्या शाळेत नेण्या-आणण्याचं काम धरलं. सहा वर्षं झाली त्याला. सव्वासातला त्यांचा हॉर्न वाजला की आया भिंतीवरचं घड्याळ लावून घेत. घरी बसून करायचं तरी काय होतं? बायको गेलेली, एकुलती लेक अवंतिका लग्न होऊन नागपूरला. सकाळी सात पोरं "आजोबा" म्हणत गाडीत चढली की दिवस उजाडल्यासारखा वाटायचा.

दिवाळी झाली आणि शर्मिलाबाईंनी त्यांना फाटकाशी थांबवलं. अपूर्वाची आई. अपूर्वा म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसून दिवसभराचं सगळं सांगणारी तिसरीतली पोर.

"काका, ग्रुपवर सगळे म्हणून राहिले की व्हॅनचा चेकिंग रिपोर्ट पाहिजे. राग नका मानू. आजकाल काय काय ऐकायला येतं ना."

"राग कायचा? पोरं तुमची आहेत. आणतो."

त्यात शर्मिलाबाईंचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे.

रामरावांची गाडी, आधी सरकारी जीप आणि मग ही व्हॅन, तीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. स्टेशनच्या अलीकडे पत्र्याची शेड आहे, तिथे हल्के मिस्त्री बसतो. भावंडांत धाकटा म्हणून आईने हल्के, म्हणजे लहान, असं नाव ठेवलं. आता तो साठीला आला, दोन माणसांचं अंग झालं, तरी हल्केच राहिला. तोंडाने भारी फाटका. गिऱ्हाइकाला बाकावर बसू देत नाही, हातात बॅटरी देऊन गाडीखाली वाकायला लावतो आणि वर शिव्या घालतो.

रामरावांनी त्याला कागद मागितला.

"कागज?" हल्केने हातातलं फडकं आपटलं. "गाड़ी कागज पे चलत है का? हम लिखबो नईं जानत, बड्डे. और जो लिखत हैं, उनखों पाना पकड़बो नईं आत."

"अरे भाई, पालक माँग रहे हैं."

"तो पालकन को ले आओ. चक्का खोल के दिखा देंगे."

आता सात घरच्या आयाबापांना या चिखलात, या माणसाच्या शिव्या खायला कसं आणायचं? रामराव गप्प परत फिरले. आणि त्यांना कोजागिरीला भेटलेला अनुपम आठवला.

जबलपुरात मराठी ही घराच्या आतली भाषा. उंबऱ्याबाहेर सगळं हिंदी. म्हणून बाहेर कोणी मराठी बोललं की रामरावांचं निम्मं काम तिथेच झाल्यासारखं व्हायचं. बँकेत समोरच्याच्या शर्टावर मराठी आडनाव दिसलं तर ते आपली रांग सोडून त्याच्या रांगेत जात, मग ती दुप्पट लांब का असेना. मराठी मंडळाच्या कोजागिरीला हा तिशीतला पोरगा आटीव दुधाचे पेले वाटत होता. सदर बाजाराकडे एक नवीन काचेचं वर्कशॉप झालं होतं, तिथे तो मॅनेजर होता. वाकून नमस्कार केला होता त्याने. "काका, कधी गरज पडली तर या. आपल्या माणसाचं काम आपण नाही करायचं तर कोणी?"

रामराव गेले. अनुपमने त्यांना गार खोलीत गादीच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला. ब्रेकचं पायडल जरा खाली जातं आणि गाडी डावीकडे ओढते, एवढं रामरावांनी सांगितलं आणि सवयीने उठून आत निघाले.

"नाही नाही काका, आत नाही जायचं. ग्राहकांना मनाई आहे, सेफ्टीसाठी. तुम्ही आरामात बसा. आता तुमचे दिवस आरामाचे."

काचेतून त्यांना आपल्या व्हॅनचं फक्त मागचं टोक दिसत होतं. तासाभराने अनुपम दोन छापील पानं घेऊन आला. बेचाळीस ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण.

इथे रामरावांची एक गोष्ट सांगायला पाहिजे. त्यांना वाचता यायला लागलं सेहेचाळिसाव्या वर्षी. तोवर मंडल्याची पाटी कोणती नि डिंडोरीची कोणती, हे ते अक्षरांच्या आकारावरून, झाडाची ओळख असावी तसं ओळखत. पगाराच्या कागदावर अंगठा. उशिरा झालेली लेक दुसरीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावर बोट ठेवून बापलेक बरोबर शिकले. लेक दोन महिन्यांत पुढे गेली, बाप दोन वर्षं घोकत बसला. पण शिकला. तेव्हापासून छापलेलं अक्षर त्यांना देवाघरचं वाटायचं. भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा वाचल्याशिवाय ते टाकत नसत. कोणीतरी एवढे कष्ट घेऊन छापलं, म्हणजे ते खरंच असणार.

ते पानांवर बोट ठेवून वाचू लागले. हिंदीत होतं. इंजन ऑइल, बदला गया. ब्रेक शू, नए लगाए गए. ब्रेक सिलेंडर, जाँचा गया, सही. तिसाव्या ओळीपर्यंत बोट गेलं तेव्हा अनुपमने पेन पुढे केलं.

"घरी निवांत वाचा काका. इथे सही द्या फक्त, मागे लाइन लागली आहे."

मागच्यांची अडचण नको म्हणून रामरावांनी बोट उचललं आणि सही केली. रामराव गणपतराव इंगळे. पूर्ण, एकेक काना-मात्रा काढून. अंगठ्याच्या शाईचा डाग ज्याने वीस वर्षं पुसला, तो आखूड सही करत नाही.

कागदाचा फोटो ग्रुपवर गेला. सात घरांतून सात अंगठे वर झाले.

पहिल्या दिवशी पायडल जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. गाडी तशीच डावीकडे ओढायची. पाय म्हणत होता, हे बरोबर नाही. मुलांना सोडून रामरावांनी गाडी बाजूला घेतली आणि तो कागद काढून वाचला. ब्रेक शू, नए लगाए गए. हिरवी खूण. त्यांनी अनुपमला फोन लावला.

"काका, नवीन शू आहेत ना, बसायला चार दिवस लागतात. रिपोर्ट बघा ना तुम्ही. मशीनवर चेक झालंय सगळं."

चाकाला आतून दाबून धरणारे हे शू चाळीस वर्षांत रामरावांनी पन्नास वेळा नवे बसवलेले पाहिले होते. नवे शू असे वागत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण कागद छापील होता, पोरगा मराठी होता, आणि मशीनपुढे सदुसष्ट वर्षांच्या पायाचं काय ऐकायचं? म्हातारपणी पायच खोटं सांगायला लागला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं आणि तिसऱ्या दिवशीही सात मुलं गाडीत घेतली.

चौथ्या दिवशी उतारावर एक ई-रिक्षा सवारी घ्यायला मध्येच थांबली. रामरावांनी ब्रेक दाबला. पायडल लोण्यात बोट जावं तसं जमिनीला टेकलं. गाडी थांबली नाही.

हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, आणि डावीकडे एका बांधकामापुढे वाळूचा ढीग होता त्यात त्यांनी गाडी घुसवली. पुढची काच वाळूने भरली.  मागे पोरं हसायला लागली.

"आजोबा, फिर से!"

अपूर्वाचा ओठ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटून फुटला होता. थोडंसंच रक्त. ती रडली नाही. रामरावांनीच रुमाल तिच्या ओठाला धरला. ते सोडेचनात, तेव्हा पोर म्हणाली, "आजोबा, मी धरते." वाळूच्या ढिगाच्या दोन हात पुढे रस्ता संपत होता आणि उघडी गटार होती.

दुसऱ्या व्हॅनवाल्याला बोलावून त्यांनी मुलं शाळेत पोचवली. शर्मिलाबाईंना फोन केला. "ई-रिक्षा समोर आली जी अचानक. वाळूत घातली गाडी. अपूर्वाच्या ओठाले जरासं लागलं." शर्मिलाबाई घाबरल्या, मग म्हणाल्या, "काका, तुम्ही होते म्हणून वाचलं." फोन ठेवल्यावर रामरावांना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

गाडी दोर बांधून हल्केच्या शेडपर्यंत ओढत आणली. हल्के शिवी हासडायला तोंड उघडून उठला आणि रामरावांचा चेहरा बघून त्याने ते मिटलं. बॅटरी त्यांच्या हातात दिली.

"इतै देखो. नट देखो."

मागच्या चाकाच्या नटांवर पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झालेला. त्याला पाना लागलाच नव्हता. हल्केने हातोडीने ठोकून चिखल पाडला, चाक काढलं. आतला गोल डबा, ड्रम म्हणतात तो, गंजाने धरून बसलेला. तो सुटायला अर्धा तास लागला. आत शू होते, जुनेच. पट्ट्या झिजून लोखंड उघडं पडलेलं, आणि सिलिंडरमधून ब्रेकचं तेल झिरपून सगळं चिकट ओलं झालेलं.

"ऊपर से तेल भर दओ और चलता करो. दो दिन पायडल ठीक लगो हुइए," हल्के म्हणाला. रामरावांनी मान हलवली. "और तुमाए पाँव ने का कही थी?"

"कही थी."

"तो?"

"कागज पे लिखा था."

 एवढी वर्षं ज्याच्या तोंडातून शिवीशिवाय वाक्य निघालं नाही, त्या हल्केने शिवी गिळली. खाली वाकून काम करू लागला. रामरावांना ती शिवी मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत सिलिंडर नवा, शू नवे. चार वेळा गाडी रस्त्यावर पळवून, चार वेळा दाबून रामरावांनी पायाला विचारलं. पाय म्हणाला, ठीक आहे. तशीच गाडी घेऊन ते सदरला गेले. काढलेले जुने शू फडक्यात बांधून सोबत नेले.

गार खोलीत चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. रामरावांनी फडकं काउंटरवर सोडलं. काळं तेल पांढऱ्या फरशीवर ओघळलं.

"हे घे. तुझे नवीन शू."

अनुपम लगबगीने बाहेर आला, खांद्यावर हात ठेवला. "काका, आत या ना केबिनमध्ये. चहा घेऊ. कामावरच्या मुलाकडून राहिलं असेल काहीतरी, मी बघतो. फ्रीमध्ये करून देतो सगळं."

"राहिलं? चाक खोललंच नाही तुम्ही! सात लेकरं होती मागे. सात! काहून केलं असं?"

"आवाज कमी करा काका." तो जवळ आला, मराठी अजून गोड झाली. "बघा, इथे आपण मोजकी घरं. आपणच आपल्या माणसाची बदनामी केली तर बाहेरचे हसतील. मंडळात तोंड दाखवायचंय ना आपल्याला?"

"तुले दाखवायचंय. मले नाही लपवायचं."

मग अनुपमचा चेहरा बदलला. त्याने ड्रॉवरमधून कागदाची दुसरी प्रत काढली आणि शेवटच्या ओळीवर पेन ठेवलं. हिरव्या खुणा संपल्यावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. रामरावांनी बोट ठेवून वाचली. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. ग्राहक ने स्वयं वाहन चलाकर जाँच लिया है और संतुष्ट है. त्याखाली रामराव गणपतराव इंगळे.

"मी नाही लिहिलं काका, तुम्ही सही केली. आणि चार दिवस मुलांना घेऊन तुम्हीच फिरलात. पालकांना काय सांगणार? ब्रेक खराब आहे हे कळत होतं तरी चालवली? मला फोन केला होता ना तुम्ही? रेकॉर्ड आहे."

रामरावांच्या कानशिलात आग पेटली. ज्या सहीसाठी दोन वर्षं कंदिलापुढे बोटं वाकडी केली, ती या पोराने त्यांच्याच गळ्याला दोरी लावायला वापरली होती. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"ठीक. तुझा कागद खरा. ब्रेक नवीन आहेत, मशीनवर तपासले. गाडी बाहेर उभी आहे. मी मागे घेतो पन्नास हात. तू भिंतीपुढे उभा राहा. मी तुझ्यापासून चार हातांवर ब्रेक दाबतो."

"काय वेड्यासारखं..."

"उभा राहा ना! बेचाळीस खुणा केल्या तू. एकीवर तरी उभा राहा!"

खोलीत हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं होती, पण एवढं मराठी सगळ्यांना समजलं. अनुपम काउंटरच्या मागे सरकला. गाडीचे ब्रेक आता कसे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याने कसे दिले होते, हे पक्कं ठाऊक होतं.

कोपऱ्यातली एक बाई उठली आणि शांतपणे म्हणाली, "भैया, मेरी गाड़ी की चाबी दे दीजिए." तिच्यामागे आणखी एक जण उठला. बाकीचे बसून राहिले आणि मोबाइल बघू लागले, याचा राग रामरावांना घरी पोचेपर्यंत पुरला.

पण अनुपमने विचारलेलं खरं होतं. पालकांना काय सांगणार? काही न सांगता चाललं असतं. शर्मिलाबाई तर वाचवलं म्हणत होत्या. उद्या सव्वासातला हॉर्न वाजवायचा, गाडी आता चांगली आहे, कोणाला काय कळणार? त्या पोराने तेच धरून ठेवलं होतं: हा म्हातारा आपली सात मुलं गमवायची नाहीत म्हणून तोंड उघडणार नाही.

संध्याकाळी रामरावांनी ग्रुपवर बोलून निरोप टाकला आणि शर्मिलाबाईंच्या पोर्चमध्ये पालकांना बोलावलं. पाच घरची आली. त्यांनी जुने शू मध्ये टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. वर्कशॉपचं नाव, माणसाचं नाव. शेवटी फोनचं सांगितलं. "मले पायाले कळत होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं. तरी मी चालवली. कागदावर भरोसा केला."

शर्मिलाबाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला. "कळत होतं? आणि तरी अपूर्वाला बसवलं? काहून, काका? एक फोन मला नव्हता करता येत? मी काय कागदासाठी पोरगी मागे बसवली होती?"

  त्या पोराच्या तोंडावर फेकलेला शब्द न् शब्द आता रामरावांवर येऊन पडत होता, आणि तो बरोबर पडत होता.

एका बापाने घसा साफ केला. "अंकलजी, जो हुआ सो हुआ. आप अपने उस मिस्त्री से लिखवा के ला दीजिए कि अब ब्रेक ठीक हैं. हम लोग कंटिन्यू कर देंगे."

रामराव ताडकन उठले.

"फिर कागज? अरे, यही तो रोना है! नहीं लाऊँगा. मिस्त्री लिखता नहीं. चक्का खोल के दिखाता है. इतवार को आओ, अपनी आँख से देखो, हाथ लगा के देखो. जिसको नहीं आना, वो अपने बच्चे को मेरी गाड़ी में मत बिठाओ. किसी की गाड़ी में मत बिठाओ!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण पालकांवर ओरडलो. पण शब्द परत घ्यायची इच्छा झाली नाही.

रविवारी दहा वाजता हल्केच्या शेडसमोर रामराव उभे होते. साडेदहा झाले. ग्रुपवर चार घरांनी दुसरी व्हॅन लावल्याचं कळवलं होतं, हात जोडलेली चित्रं टाकून. अकराला शर्मिलाबाई स्कूटरवरून आल्या. एकट्याच; उरलेल्या दोन घरांनी बघायचं काम त्यांच्यावरच सोपवलं होतं.

"दिखाइए," त्या हल्केला म्हणाल्या.

"साड़ी बिगड़ जाहै, दीदी."

"बिगड़ने दीजिए."

हल्केने त्यांच्या हातात बॅटरी दिली आणि मागची दोन्ही चाकं उघडली. शर्मिलाबाई उकिडव्या बसल्या, शूच्या पट्टीची जाडी बोटाने चाचपली, जुना शू शेजारी धरून पाहिला. प्रश्न विचारले. हल्केने उत्तरं दिली, एकही शिवी न घालता, त्यामुळे त्याला घाम फुटला होता.

"ये दोबारा कब खोलना है?"

"तीन महीने में. आप आओ चाहे न आओ, हम खोलेंगे."

"मैं आऊँगी."

चाकं बसली. शर्मिलाबाईंनी हात फडक्याला पुसले आणि व्हॅनचं दार उघडून मागे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला काका, त्या उतारावर."

रामरावांनी गाडी उतारावर घेतली. वाळूचा ढीग आता निम्मा झाला होता.

"दाबा."

त्यांनी दाबला. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. शर्मिलाबाईंचे हात पुढच्या दांड्यावर आपटले.

"पुन्हा. जोरात."

पुन्हा. तिसऱ्यांदा. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून वाजवून आई-बाप काढले. शर्मिलाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"उद्या सव्वासातला अपूर्वाला घ्या," त्या म्हणाल्या. आवाजात गोडवा नव्हता. "पण काका, पायाला जरा वेगळं वाटलं तर त्याच मिनिटाला गाडी उभी. माझी पोरगी शाळेला उशिरा जाईल. एक दिवस जाणारच नाही. चालेल मला."

"हो जी."

"कोणी काहीही लिहून दिलं असलं तरी."

"हो."

शेडपाशी उतरून त्या स्कूटर घेऊन निघून गेल्या. आता सातांच्या जागी तीन मुलं होती. सदरच्या त्या काचेच्या खोलीत उद्याही कोणीतरी गादीच्या खुर्चीवर बसून चहा पिणार होतं आणि सही करणार होतं, हे आठवून रामरावांनी दातओठ खाल्ले. मंडळाच्या बैठकीत हे सगळं उभं राहून सांगायचं, मग कोणाला कितीही वाईट वाटो, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

"काय रामराव," हल्के मागून ओरडला, "अब हटाओ अपनी गाड़ी! पूरो रस्ता रोके ठाड़े हो!"